रिकामी बादली

गोषवाऱ्याच्या शेवटच्या वाक्यातलं ‘सिद्ध होते’ डॉ. प्रल्हाद शिराळकरांनी खोडलं आणि तिथं ‘दिसून येते’ लिहिलं. थोड्या वेळानं तेही त्यांना अंगावर येणारं वाटलं. मग त्यांनी ‘दिसते असे वाटते’ केलं.

“आता ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ तेवढं राहिलंय, सर,” समोर बसलेली गौतमी सातवेकर म्हणाली.

डॉक्टर कसनुसं हसले. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना तप उलटून गेलं होतं. सगळ्या नोकरीत खात्याच्या वार्तापत्रात त्यांची दोन टिपणं छापून आली, आणि दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच संपादकांना पत्र पाठवून आपल्या चुका कळवल्या होत्या. आता उतारवयात त्यांचा निबंध थेट नेदरलँड्समधून निघणाऱ्या एका पशुवैद्यकीय नियतकालिकाकडे चालला होता. ते मराठीत लिहीत, गौतमी त्याचं इंग्रजी करी. गौतमी त्यांची जुनी विद्यार्थिनी. त्यांच्या दवाखान्यात उमेदवारी करून ती पुढं पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला लागली होती. आकडेमोड आणि आलेख तिच्याकडे होते.

निबंध लिहिण्यापेक्षा तो पाठवणं अवघड, हे डॉक्टरांना नव्यानं कळत होतं. संपादकांना पत्र वेगळं, लेखकांच्या नावांचं पान वेगळं, जनावरांवर प्रयोग करायला नीतिसमितीनं दिलेली परवानगी वेगळी. संदर्भ देताना साल कंसात घ्यायचं की स्वल्पविरामानंतर, यात त्यांचा एक आठवडा गेला होता.

नावांच्या पानावर मात्र ते अडून बसले होते. निबंधाला तीन लेखक हवेत, तिसरा मल्लाप्पा गवळी.

“सर, गवळ्याचे आपण शेवटी आभार मानतो,” गौतमीनं समजावलं होतं. “लेखक म्हणून नाव नाही घालत.”

“सगळा निबंध एका हाकेवर उभा आहे. ती हाक कोणाची?”

शेवटी तिनं तिसरं नाव घातलं. नियतकालिकाचा नियम असा होता की निबंध पाठवताना आणि नंतर त्यात काहीही बदलताना प्रत्येक लेखकानं फोनवर अंगठा ठेवून संमती द्यायची. मल्लाप्पानं गोठ्यात शेण काढता काढता अंगठा ठेवला होता. “आता आमी बी लेखक,” तो म्हशींकडे वळून म्हणाला होता. “आयका गं, हितनं फुडं शेपूट हलवायची ती इचारून.”

कोल्हापुरात गवळी गल्लीच्या तोंडाशी दुधाचा कट्टा आहे. पंढरपुरी म्हशी तलवारीसारखी लांब शिंगं सांभाळत येतात, गवळी हाक मारतो, आणि रस्त्यावरच्या गोंगाटात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळता पेला हातात देतो. मल्लाप्पाच्या कट्ट्यावर डॉक्टर तीस वर्षं तो पेला पीत आले होते. हा कट्टा आता बंद पडायच्या बेतात होता, आणि त्याला कारण होती नखाएवढी एक पट्टी.

म्हशीच्या कासेत दूध असतं, पण ते मागून मिळत नाही, म्हशीनं सोडावं लागतं. ओळखीची हाक कानावर पडली, ओळखीचा हात सडांना लागला, की तिच्या मेंदूतून एक संप्रेरक रक्तात उतरतं आणि कासेतल्या बारीक पिशव्या आवळून दूध खाली ढकलतं. याला गवळी पान्हा म्हणतात. म्हैस बुजली, घाबरली, रुसली, की हे संप्रेरक उतरत नाही. मग कास भरलेली असते आणि बादलीत थेंब नसतो. म्हशीनं पान्हा चोरला, असं म्हणतात. यावर माणसानं पूर्वीच तोड काढली होती. तेच संप्रेरक बाटलीत भरून सुईनं टोचायचं. म्हैस राजी असो नसो, दूध येतं. कायद्यानं बंदी असूनही ही सुई गोठ्यागोठ्यांत चालायची.

हे संप्रेरक रक्तात किती आहे हे पूर्वी रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय कळत नसे. मग ती पट्टी निघाली. जनावराच्या कानाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. पातळ कातडीतून झिरपणाऱ्या पाझरावरून ती क्षणाक्षणाला संप्रेरकाची पातळी सांगते. संशोधकांसाठी निघालेली पट्टी दोन-चार वर्षांत दुधाच्या पिशवीवर पोहोचली. ज्या जनावरानं आपखुशीनं पान्हा सोडला त्याच्या दुधावर हिरवी टिकली, आणि त्याला नाव पडलं राजीदूध. बाकीचं सगळं जबरीचं. शहरातल्या आया टिकली बघितल्याशिवाय पिशवीला हात लावेनात. पाठोपाठ सरकारी नियम आले. रस्त्यावर, गोंगाटात, परक्या माणसांच्या गर्दीत काढलेलं दूध हे जबरीचंच धरावं, तज्ज्ञांनी तपासून छापलेला पुरावा याविरुद्ध असेल तर तेवढा विचारात घेऊ, असं नव्या मसुद्यात होतं.

तो पुरावा कोणाकडेच नव्हता. म्हणून गल्लीतली चार जाणती मंडळी एके दिवशी डॉक्टरांच्या दारात येऊन बसली, आणि नाही म्हणणं डॉक्टरांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

प्रयोग साधा होता. मल्लाप्पाच्या चौदा म्हशी, तोच कट्टा, तीच गर्दी. काही दिवस मल्लाप्पानं हाक मारून धार काढायची, काही दिवस गौतमीनं बाहेरगावाहून आणलेल्या परक्या गड्यानं. पट्टी सगळं टिपून घेणार. मल्लाप्पाच्या हाताला म्हशी पान्हा सोडतील आणि परक्याच्या हाताला चोरतील, असा डॉक्टरांचा अंदाज होता. निकाल निघाला वेगळाच. म्हशींनी दोघांच्याही हाताला सारखाच पान्हा सोडला. म्हणजे पंढरपुरी म्हशीला गर्दीचं काही वाटत नाही आणि परक्याचंही काही वाटत नाही. गल्लीनं त्या दिवशी पेढे वाटले. डॉक्टरांचा अंदाज चुकला होता, पण आपलं चुकलं असणार हे पटायला त्यांना कधीच वेळ लागत नसे.

“दाबा, सर,” गौतमी म्हणाली.

त्यांनी गोषवारा पुन्हा एकदा वाचला आणि निबंध पाठवला.

उत्तर अपेक्षेपेक्षा लवकर आलं, आणि ते माणसाचं नव्हतं. तज्ज्ञांकडे जाण्याआधी प्रत्येक निबंध एका यंत्र-परीक्षकाच्या हाताखालून जात असे. त्यानं अदबीनं विचारलं होतं: आपण दिलेले आलेख सरासरीचे आहेत. कृपया प्रत्येक दोहनाचा मूळ आलेख पट्टीतून थेट पाठवावा.

गौतमी परिषदेसाठी हैदराबादला गेली होती. एवढ्यासाठी तिला कशाला त्रास, म्हणून डॉक्टरांनी स्वतःच कपाटातून पट्ट्यांची पेटी काढली. न्याहारी झाली, टेबल पुसलं, पेटी संगणकाला जोडली आणि पहिला आलेख उघडला.

तो मल्लाप्पाच्या हाताचा होता. सारजा नावाच्या म्हशीचा. मल्लाप्पाची हाक ऐकू येताच, अजून सडांना हातही लागलेला नसताना, रेघ हलकेच वर उचलली गेली होती. मग उतार, पुन्हा चढ, पुन्हा उतार. वारं सुटलं की रंकाळ्यावर उठतात तशा लहान लाटा. मेंदू हे संप्रेरक असंच सोडतो, थोडं थोडं, थांबून थांबून. डॉक्टर बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्याला माया म्हणत आलो ती अशी दिसते, असं त्यांच्या मनात आलं, आणि हे वाक्य निबंधात घालता येणार नाही याची हळहळही वाटली.

दुसरा आलेख परक्या गड्याच्या दिवसाचा होता. म्हैस तीच.

त्यात लाट नव्हती. रेघ जमिनीला चिकटून चालली होती आणि अचानक पन्हाळ्याच्या कड्यासारखी सरळ वर गेली होती. नैसर्गिकरीत्या कधी जातच नाही इतकी वर. आणि मग कुठंही न थबकता एकसारखी घसरत खाली. निम्मी, निम्म्याची निम्मी. बाहेरून एकदम आत आलेलं औषध शरीर असंच हळूहळू निपटून काढतं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. आपण पट्टी उलटी जोडली असेल. त्यांनी पेटी सोडवून पुन्हा जोडली. पट्टी खराब असेल. त्यांनी दुसऱ्या म्हशीची घेतली, तिसरीची घेतली. मल्लाप्पाचे दिवस म्हणजे लाटा. परक्याचे दिवस म्हणजे कडे. चौदाच्या चौदा.

हा कडा त्यांना ओळखू येऊ नये असं नव्हतं. सुईच्या विरोधात त्यांनी नोकरीत मोहीम चालवली होती. तेव्हा गवळ्यांनी त्यांना शिव्या घातल्या होत्या, एकानं दवाखान्याच्या दारात शेण टाकलं होतं. त्या दिवसांत भर कट्ट्यावर उभं राहून आपल्याकडच्या बाटल्या पायाखाली फोडणारा पहिला माणूस मल्लाप्पा होता. “डॉक्टर सांगत्यात म्हंजे बंद,” एवढंच तो म्हणाला होता. त्या फुटक्या काचांवर त्यांची मैत्री उभी राहिली होती.

दुपारचं जेवण टेबलावर झाकून राहिलं.

गौतमी परत आली ती थेट त्यांच्याकडेच, हैदराबादची बिस्किटं घेऊन. डॉक्टरांनी डबा घेतला, तिला पाणी दिलं, प्रवासाची चौकशी केली. मग संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

तिनं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. त्या नजर काढून घेण्यातच डॉक्टरांना सगळं कळलं. तरी त्यांनी विचारलं.

“तू हे आधी बघितले होतेस?”

“सर...”

“बघितले होतेस का?”

“हो.”

“कधी?”

“पहिल्याच आठवड्यात.”

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. तिनं सरासरी काढली होती. शिवाय प्रत्येक म्हशीची पातळी तिच्या स्वतःच्या कमाल पातळीच्या टक्क्यांत मांडली होती. टक्क्यांमुळं कड्याची उंची गेली, सरासरीमुळं त्याचं टोक गेलं. उरला होता एक सौम्य, गोलसर उंचवटा, आणि त्यावर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं ‘आकृती दोन’ असं लिहिलं होतं.

“टक्के का घेतलेस, हे तू मला विचारू दिलं नाहीस.”

“तुम्ही विचारलंच नाही, सर. तुम्ही तुमची बेरीज तीनदा तपासता. माझी कधी तपासली?”

हे खरं होतं. संशय घ्यायचा तो स्वतःवर, एवढंच त्यांना येत होतं. दुसऱ्यावर घ्यायची सवय त्यांच्या हाताला नव्हती.

“मल्लाप्पानं सांगितलं तुला असं कर म्हणून?”

“नाही. मी त्यांना बोललेच नाही. त्यांना वाटतं कोणाला माहीत नाही.” ती आता सावरली होती. “सर, माझे वडील त्याच कट्ट्यावर धार काढायचे. माझं शिक्षण त्या पेल्यांवर झालंय. मसुद्याच्या सरकारी समितीपुढं कागद ठेवायची मुदत डोक्यावर आहे. मी तुम्हाला दाखवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

“थांबवलं असतं.”

“म्हणून नाही दाखवलं.”

“आणि निबंधावर पहिलं नाव माझं.”

“तुमच्या नावाला वजन आहे. तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.”

हे तिनं कौतुकानंच म्हटलं. डॉक्टरांना मात्र आपण इतके दिवस टेबलावर ठेवलेला रबरी शिक्का होतो, असं वाटलं. शिक्क्याला विचारायचं नसतं, शाई लावून उमटवायचा असतो. त्यांना राग येत होता, पण तो बाहेर कसा काढतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी बिस्किटांचा डबा उचलला आणि तिच्या पिशवीत परत ठेवला.

“हे घेऊन जा,” ते म्हणाले. गौतमीला रडू फुटलं.

निबंध मागं घेणं सोपं होतं. डॉक्टरांनी तसं पत्र लिहिलंही. पण लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की खरा निकाल त्या आलेखांतच पडला आहे, आणि तो खोट्यापेक्षा चांगला आहे. भर गर्दीत, रिक्षांच्या भोंग्यांत, मल्लाप्पाच्या नुसत्या हाकेनं म्हशी पान्हा सोडत होत्या. त्या लाटा खऱ्या होत्या. गर्दीनं म्हैस बुजत नाही, तिला फक्त आपला माणूस जवळ लागतो. आपल्या गवळ्यानंच धार काढायची एवढी अट घातली तर कट्टा राजीदुधाच्या नियमात बसत होता. गल्ली वाचत होती.

मात्र परक्याच्या दिवशी म्हशींना सुई दिली होती, हे निबंधात लिहावं लागणार होतं. सुई सापडलेल्या गोठ्याच्या जनावरांच्या पट्ट्या काढून घेत आणि त्याची नोंद कायमची रद्द होई.

“गोठ्याचं नाव नका घालू,” गौतमी फोनवर म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

“तीन लेखक आहेत, गौतमी. त्यातला गोठा कोणाचा हे शोधायला यंत्र लागत नाही.”

त्यांनीच हट्टानं मान दिला होता. तोच आता मल्लाप्पाच्या गळ्याशी येणार होता.

त्यांनी निबंध पुन्हा लिहिला. आलेख आपण स्वतः तपासले नव्हते, हेही त्यात स्वच्छ लिहिलं. या वेळी शब्द बदलत बसले नाहीत. गौतमीची संमती त्याच दिवशी आली, सोबत निरोप नव्हता. आता मल्लाप्पाचा अंगठा तेवढा राहिला होता, आणि आणखी एक गोष्ट राहिली होती. परक्या हाताला, सुईशिवाय, म्हैस काय करते, याचा एकही खरा आलेख त्यांच्याकडे नव्हता.

सकाळच्या धारेच्या वेळी ते गोठ्यात गेले.

“या डॉक्टर,” मल्लाप्पा म्हणाला. सत्तरीला आलेला, काटक, खांद्यावर टॉवेल. “आज हिकडंच? कट्ट्यावर यायचं की.”

“सारजाची धार काढायची आहे.”

“काढतो की.”

“मी काढणार आहे.”

मल्लाप्पा हसला. “तुमी? पेनानं काढणार काय?”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून नवी पट्टी काढून सारजाच्या कानात चिकटवली, हात धुतले, कास धुतली आणि बादली गुडघ्यांत धरून बसले. सारजा त्यांना ओळखत होती, पण अजूनही अधूनमधून लस टोचायला येणारा माणूस म्हणून. तिनं मान वळवून बघितलं आणि एक पाय झाडला. मल्लाप्पाचं हसू ओसरलं.

“थांबा, मी जरा तिचं तोंड धुतो आन्—”

“आतल्या खोलीत जाऊ नका, मल्लाप्पा. तिथंच उभे राहा. हाक मारू नका.”

मल्लाप्पा जिथं होता तिथं थांबला. त्याला कळलं होतं.

डॉक्टरांनी सडांना हात लावला. कास तट्ट होती. ते पिळत राहिले, हळू, बोटं मिटत, शिकवल्याप्रमाणे. धार आली नाही. बोटं दुखायला लागली. गोठ्यात रवंथाचा आवाज तेवढा चालला होता. मल्लाप्पा एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होता.

“एक हाक मारू द्या,” तो म्हणाला. “एकच.”

“नको.”

“आवो, म्हातारपणी असं बसून—”

“सुई का लावली, मल्लाप्पा?”

मल्लाप्पानं टॉवेलानं तोंड पुसलं. “माझ्या धारंला कदी न्हाई लावली. सारजाची आण घेऊन सांगतो.”

“माहीत आहे. आलेखात दिसतंय. परक्याच्या वेळी का लावली?”

“पयल्या दिशी तुमी नव्हता, तवा त्यो गडी बसला कट्ट्यावर. गौतमी म्हनली हुती, आज निस्ता सराव, आज पट्टी न्हाई. तासभर बसला. थेंब न्हाई. उठला, आन् रिकामी बादली घेऊन समद्या गिऱ्हाइकातनं चालत गेला.” एवढं बोलून तो थांबला. तेवढं सांगून पुरेल असं त्याला वाटलं असावं. डॉक्टर बघत राहिले तेव्हा पुढं म्हणाला, “आमच्यात चालत न्हाई ते. दारात आलेला माणूस म्हशीखाली बसला तर त्येला रिकाम्या बादलीनं उठवायचं न्हाई. मयताच्या घरचा सुद्धा रिकामा उठत न्हाई. गोठ्याला अवकळा येती. लोक म्हनत्यात, मल्लाप्पाची म्हस आटली. आन् तुमी तर पावणं आणलेलं. तुमचं पावणं.”

“मला सांगायचं होतं.”

“काय सांगू? माझी म्हस तुमच्या पावण्याला दूद दीना म्हणून?”

“तेच! तेच तर बघायचं होतं आपल्याला.”

“मला वाटलं तुमाला दूद पायजे. समदी म्हनत हुती, म्हशीनं दूद दिलं की कट्टा वाचतोय.” त्यानं हात पसरले. “तुमच्यासाठीच केलं की, डॉक्टर.”

गौतमीनं कट्ट्यासाठी केलं होतं, यानं डॉक्टरांसाठी. दोघांनी भल्यासाठीच केलं होतं. ज्याच्या नावावर केलं त्याला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. परक्याच्या प्रत्येक दिवशी मल्लाप्पा ‘कास धुवून आणतो’ म्हणून म्हशीला आत न्यायचा, सुई लावायचा आणि बाहेर येऊन डॉक्टरांच्या शेजारी उभा राहायचा. गप्पा मारायचा. त्यांना पेला भरून द्यायचा. तो पेला डॉक्टर आवडीनं प्याले होते.

“तुम्ही बाटल्या फोडल्या होत्या,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. “मी आजवर कशावर विश्वास ठेवला असेल तर त्या दिवसावर. माझं काम शून्य मोजायचं होतं, मल्लाप्पा. बादली रिकामी राहिली असती तर मी तेच लिहिलं असतं आणि कट्टा वाचला असता. तुम्ही माझं शून्य चोरलंत.”

मल्लाप्पा सारजाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तिच्या अंगावरून शिरशिरी गेली आणि नुसत्या त्या हातानं कासेतून दोन थेंब बादलीत पडले. डॉक्टरांनी पट्टी काढून घेतली. तेवढा आलेख पुरेसा होता. ते बादली घेऊन उठले.

“ठेवा ती,” मल्लाप्पा म्हणाला. “डॉक्टर, पाया पडतो, ती घेऊन उठू नका. बसा वाईच. मी भरून देतो.”

डॉक्टरांनी बादली बाहेर नेली, अंगणातल्या नळाखाली धुतली आणि भिंतीशी पालथी घातली. आत परत यायला त्यांना जड गेलं, पण काम राहिलं होतं. त्यांनी फोन काढला आणि नव्या निबंधात काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखवलं. काही वगळलं नाही. सुईचं वाक्य वाचताना ते अडखळले नाहीत.

मल्लाप्पानं सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे कट्टा ऱ्हातोय.”

“राहतोय असा माझा अंदाज आहे. नक्की समिती ठरवेल.”

“आन् माझ्या म्हशी?”

“त्यांच्या पट्ट्या काढतील. कट्ट्यावर उभं राहता येणार नाही. दूध विकायला मिठाईवाला वगैरे...”

“जबरीचं दूद म्हणून.”

“हो.”

“मी अंगठा न्हाई ठेवला तर?”

“तर हा निबंध जात नाही. पहिला मी मागं घेतो. मग कट्टा कोणाचाच राहत नाही.”

सारजानं शेपूट हलवून माशी उडवली. मल्लाप्पा खाली बघत होता. गोठ्याच्या फरशीवर पाण्याचा ओघळ वाहत होता, तो त्यानं पायानं गटारीकडे वळवला.

“एक इचारू?”

“विचारा.”

“ह्ये छापून आल्यावर तुमी हिकडं येशीला का? आता येताय तसं?”

डॉक्टरांनी गोठा बघितला. ओळीनं उभी असलेली जनावरं, खुंटीवरचा कासरा, तीस वर्षांत नावानिशी ओळखीचा झालेला एकेक चेहरा. हो म्हणावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी आपल्या मनात शोधून पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले.

“खोटं बोलला असता तरी चाललं असतं की वं.”

डॉक्टरांनी फोन पुढं केला. मल्लाप्पानं फोन हातात घेतला, लांब धरून उगाच वाचल्यासारखं केलं आणि काचेवर अंगठा ठेवला. ठसा उठला नाही, अंगठा ओला होता. त्यानं तो टॉवेलाला नीट पुसला, फुंकर घालून कोरडा केला आणि पुन्हा ठेवला.